न नेलेला कोट

४ नोव्हेंबर

लाँड्रीच्या मालकीणबाई यांस,

तुमच्या हिशेबनिसांनी पाठवलेलं पत्र मिळालं. तीन वाक्यांचं आहे, आणि तिन्हींत मी "सदर कर्मचारी" आहे. एकोणीस वर्षं तुमच्याकडे लोकांच्या कपड्यांवर खुणा घातल्या, या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. दुकानात मी तुम्हाला बाई म्हणत आले आणि घरी ताई. हे पत्र दुकानाचं आहे, म्हणून मायना तसा घातला आहे.

मी २२ ऑक्टोबरला दुपारी एक वाजता न सांगता निघून गेले, हे खरं आहे. इस्त्री चालू राहिली आणि बँकेतल्या साहेबांचा सदरा जळला, हेही खरं आहे. त्या दिवशी इस्त्रीवाले काका रजेवर होते म्हणून मी इस्त्रीला उभी होते. तरी इस्त्री माझ्याच हातात होती. सदऱ्याची भरपाई कापून घ्या, माझी तक्रार नाही.

बाकी माझं येणं असं आहे: ऑक्टोबरच्या साडेएकवीस दिवसांचा पगार. बाविसाव्या दिवसाचा मी अर्धाच धरला आहे. शिवाय न घेतलेल्या अकरा दिवसांच्या रजेचे पैसे. आणि काम सोडल्याचा दाखला.

दाखल्याचं आधी बघा. सरकारी दवाखान्याच्या कपडेखान्यात मला जागा मिळते आहे. चादरी, झबली, डॉक्टरांचे डगले यांची मोजदाद आणि खुणा, म्हणजे माझंच काम. पण आधीच्या ठिकाणचा दाखला २८ नोव्हेंबरपर्यंत दिला नाही, तर जागा दुसऱ्या बाईला जाईल. तिथल्या अधीक्षकांनी हे दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा लिहून दिलं. माझ्या वयाला पुन्हा अशी जागा निघणार नाही. खोलीचं भाडं मी डिसेंबरपर्यंतच देऊ शकते.

काम सोडण्याचं कारण तुम्ही विचारलं आहे. कारण घरगुती आहे.

आपली,
खुणा घालणारी

ता. क. माझा जेवणाचा डबा मागच्या फळीवर राहिला आहे. तो धुऊन ठेवावा, नाहीतर वास मारेल.


११ नोव्हेंबर

ताई,

या वेळी उत्तर तुमच्या हातचं आलं, म्हणून मीही मायना बदलला. राग मात्र दोघींचा तसाच आहे, असं दिसतं.

तुम्ही लिहिता, महिनाभर आधी सूचना न दिल्यामुळे एका महिन्याचा पगार कापला. रजेचे अकरा दिवस धरलेच नाहीत, साडेएकवीसमधून तीस गेले, म्हणजे उलट मीच तुमचं साडेआठ दिवसांचं देणं लागते. हा हिशेब वाचून मला हसू आलं, आणि हल्ली मला सहसा येत नाही. एकोणीस वर्षं काम करून माणूस साडेआठ दिवसांचा कर्जदार होऊन बाहेर पडला, असं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी वाचनालयात जाऊन कामगारांच्या नियमांचं पुस्तक आणलं. जाड आहे, आणि लिहिणाऱ्याला साध्या वाक्याचं वावडं आहे. पण मी चिवट वाचक आहे, तुम्हाला माहीत आहे. सूचनेची अट नेमणूकपत्रात असावी लागते, असं त्यात आहे. माझं नेमणूकपत्र कुठे आहे, ताई? लग्नाला चार महिने झाले होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "घरात बसून काय करतेस, उद्यापासून ये." हेच माझं नेमणूकपत्र. त्यात सूचनेचं कलम नव्हतं.

तुम्ही आणखी एक लिहिलं आहे. तुमचा भाऊ गेला तेव्हा मी बारा दिवस आले नाही, आणि तुम्ही एक दिवसही कापला नाही. खरं आहे. मी ते विसरले नाही. पण तेव्हा तुम्हीही दुकान बंद ठेवलं होतं. ते बारा दिवस आपल्या दोघींचे होते, ते आता माझ्या एकटीच्या नावावर टाकू नका.

आता खुणांच्या वहीबद्दल. वही दिल्याशिवाय दाखला नाही, असं तुम्ही म्हणता. ताई, वही नाहीच. कागदाच्या चिठ्ठ्या धुण्यात सुटतात म्हणून मी दोऱ्याच्या खुणा सुरू केल्या. दोऱ्याच्या रंगावरून कपडा कुठल्या वारी आला ते कळतं, टाक्यांवरून कपडा कुणाचा ते कळतं. पावतीवर फक्त आकडा असतो. कोणत्या आकड्याला कोणते टाके, हे माझ्या डोक्यात आहे. दोनशे चाळीस गिऱ्हाइकं, दोनशे चाळीस प्रकारचे टाके. आता मागच्या खोलीत तीनशे कपडे धुऊन पडले आहेत आणि एकही कुणाचा ते कळत नाही, असं काकांकडून समजलं. वाईट वाटलं. पण तुम्ही माझा दाखला दाबून धरला आहे, तोवर हे माझ्याजवळ राहील. तुमच्याकडूनच शिकले.

सतरा दिवस उरले आहेत.


१७ नोव्हेंबर

ताई,

काल तुम्ही आमच्या जिन्यात येऊन बोललात. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं ठेवून सगळं ऐकलं, आणि आज मला साखर मागायला आल्या. त्यांच्याकडे साखर असते.

तुम्ही म्हणालात, मी माझ्या उंबऱ्यावरून तुमचं दुकान चालवते आहे. त्याचं असं झालं. गाणं शिकवणारे म्हातारे मास्तर माझं घर शोधत आले. त्यांचा एकच काळा कोट आहे आणि परवा त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. जिना चढून धाप लागली होती, म्हणून आधी पाणी दिलं. मग सांगितलं, डाव्या काखेत आत बघा, निळे तीन टाके आणि शेजारी एक आडवा. ते गेले आणि कोट घेऊन आले. त्यांनी शेजारच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्याने सगळ्या गल्लीला. गेल्या चार दिवसांत एकतीस माणसं आली. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. कपडे त्यांचे आहेत. भांडण आपलं आहे.

पण तुम्ही जिन्यात जे दुसरं बोललात, ते ऐकून मी दार लावून घेतलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या हातांवर वाढलेल्या पोराची तू बायको. त्याच्या दुकानातून चोरासारखी निघून गेलीस. तो असता तर मान खाली गेली असती त्याची."

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. म्हणून आता कारण लिहिते. घरगुतीच आहे.

दुकानात मागच्या दांडीवर एक तपकिरी कोट होता. तुम्हाला आठवत असेल किंवा नसेलही, तिथे न नेलेले चाळीस-पन्नास कपडे कायमच लटकत असतात. तो यांचा. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी यांनी तो स्वतः धुवायला टाकला. मी म्हटलं, घरच्या माणसाला पावती कशाला, तर म्हणाले, दुकानाचा नियम सगळ्यांना. पावती स्वतःच फाडली, आकडा ४४१७, आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं, "घरचाच." बुधवारी मिळणार होता. सोमवारी सकाळी हे गेले.

बुधवारी कोट धुऊन आला, ताई. दुकान बंद होतं, पण कपडे शनिवारीच धुलाईच्या मोठ्या कारखान्यात गेले होते, तिथून आले ते काकांनी उतरवून घेतले. तेराव्या दिवशी मी कामावर आले तेव्हा तो दांडीवर होता. खांद्यावर कागद, बटणं लावलेली. मी घरी नेला नाही. घरी नेला असता तर कपाटात ठेवावा लागला असता. कपाटात ठेवलेला कोट म्हणजे गेलेल्या माणसाचा कोट. दांडीवर होता तोवर तो धुवायला दिलेला कोट होता, घ्यायला कुणीतरी यायचं होतं. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

वर्ष संपत आलं की मी त्याच्यावर नवी चिठ्ठी लावायची, नव्या तारखेची. वर्षभरात न नेलेले कपडे विकायचे, हा दुकानाचा नियम, आणि काउंटरवरची ती पाटी माझ्याच अक्षरातली. मी काय करत होते ते मला ठाऊक होतं. यांची अर्धी पावती माझ्याजवळच आहे. वाचत असेन त्या पुस्तकात खूण म्हणून असते. सहा वर्षांत ती पुष्कळ पुस्तकं फिरली.

२२ तारखेला मी खिडकीशी इस्त्री करत होते. नवा ड्रायव्हर गाडीत गाठोडी चढवत होता. त्याच्या अंगात तपकिरी कोट. मी आधी म्हटलं, तपकिरी कोट जगात पुष्कळ. मग तो वळला. उजवा खिसा खाली लोंबलेला. डाग काढायच्या औषधाची बाटली हे त्याच खिशात ठेवायचे, मी शंभरदा सांगितलं होतं की शिवण जाईल.

मी बाहेर जाऊन विचारलं, कोट कुठून आणलात. तो साधा माणूस आहे. खुशीत म्हणाला, "बाईंनी दिला. दांडीवरचा होता, कुणाचा नव्हता म्हणाल्या."

मी आत येऊन पिशवी घेतली. इस्त्रीचं भान राहिलं नाही. डब्याचंही नाही.

आता सांगा, महिनाभर आधी कसली सूचना लिहायला हवी होती मी?


२२ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. हिशेबनिसांना न दाखवता लिहिलं आहे, ते अक्षरावरून कळतं.

तुम्ही लिहिता, तुम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पहिल्यांदा न नेलेल्या कपड्यांची यादी काढली तेव्हाच "घरचाच" हे अक्षर तुम्ही ओळखलं. त्या अक्षराला पाटीवर गिरवायला तुम्हीच शिकवलं होतं. दरवर्षी विक्रीच्या आदल्या दिवशी तुम्ही तो कोट दांडीवरून काढून आपल्या कपाटात ठेवायच्या आणि विक्री झाली की परत लावायच्या. मला वाटत होतं, माझ्या चिठ्ठ्यांमुळे तो वाचतो. माझ्या चिठ्ठ्या कुणी बघतसुद्धा नव्हतं. आणि मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायची, तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत जाऊन त्या कोटाजवळ उभ्या राहायच्या, हेही तुम्ही लिहिलं आहे. ते लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला कळतं.

सहा वर्षं आपण दोघी एकाच कोटाची राखण करत होतो. एकाच छपराखाली. आणि दोघींनी तोंडातून ब्र काढला नाही.

मग या वर्षी तुम्ही कॉलर उलटून पाहिली तर कसरीने दोन भोकं पाडलेली. तो माणूस पातळ सदऱ्यात कुडकुडत कामाला आला. अंगाने यांच्याएवढाच. तुम्हाला वाटलं, दांडीवर कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे. "कुणाचा नव्हता" असं त्याला का सांगितलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, भावाचा होता म्हणताना तुमचा आवाज गेला असता.

हे सगळं मला पटतं. आणि तरी मी रागावलेली आहे, ताई. तुमचा भाऊ होता, मान्य. तुम्ही त्याला आईच्या जागी होतात, तेही मान्य. पण मी दहा पावलांवर सुईत दोरा ओवत बसले होते. "कोट देऊ का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? माझ्याकडून तुम्हाला महिनाभराची सूचना हवी. मला त्या कोटासाठी एका दिवसाची दिली असती तर पुरलं असतं. एका तासाची दिली असती तरी. मी जाऊन एकदा बटणं लावून आले असते.

तुम्ही आता लिहिता, कोट त्याच्याकडून परत मागते. मागू नका. दिलेली वस्तू थंडीच्या दिवसांत माणसाच्या अंगातून काढून घ्यायची नाही. त्याने काय केलं आहे?

सोबत अकरा कागद आहेत. दोनशे चाळीस गिऱ्हाइकं, पावतीवर येणारा प्रत्येकाचा आकडा, प्रत्येकाचे टाके, चित्र काढून. तीन दिवस लागले. एकशे बारा आणि एकशे तेरा सारखे दिसतात, पण तेराच्या टाक्याला शेवटी गाठ आहे, ती बोटाने चाचपा. मास्तरांच्या पुढे मी "वर चढवू नका, खाली नेऊन द्या" असं लिहिलं आहे, ते खुणेत धरू नका.

दाखल्याची वाट पाहून हे द्यायचं, असं ठरवलं होतं. ते आता जमत नाही. काल एक बाई आली, कडेवर मूल. पांघरुणं तुमच्याकडे अडकली आहेत. मी खूण सांगितली आणि ती गेल्यावर मला माझीच लाज वाटली. पांघरुणं अडवून मी काय मिळवणार होते?

दाखला द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. सहा दिवस आहेत. आता माझ्या हातात अडवायला काही नाही.


२८ नोव्हेंबर

ताई,

पाकीट मिळालं. काल दुपारी ड्रायव्हरने आणून दिलं, डब्यासकट. डबा घासून लख्ख केला आहे, त्याचं झाकण कधीपासून बसत नव्हतं, तेही बसतं. हे तुमचं काम दिसत नाही, काकांचं असावं.

दाखला आज सकाळी दवाखान्यात दिला. अधीक्षकांनी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलं आहे, "एकोणीस वर्षे काम चोख. सूचना न देता काम सोडले." दोन्ही वाक्यं खरी आहेत. दुसरं गाळलं असतं तर मला आवडलं नसतं, असं म्हणणार होते, पण गाळलं असतं तर आवडलंच असतं. अधीक्षकांनी चष्म्यावरून बघून विचारलं, न सांगता का सोडलं? मी म्हटलं, घरात एका वस्तूवरून नणंद-भावजयीचं झालं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांच्याही घरात असावं. सोमवारपासून ये म्हणाले. नेमणूकपत्र लेखी दिलं. त्यात सूचनेचं कलम आहे, मी आधी तेच वाचलं.

पगाराचं: साडेएकवीस अधिक अकरा, वजा तीन दिवस सदऱ्याचे. सूचनेचा महिना तुम्ही कापला नाही, ते लक्षात आलं. पण त्या सदऱ्याची कॉलर आधीच विरली होती, नव्याची किंमत धरू नका. दीड दिवस पुरे. दीड दिवसाचं तुमच्याकडे निघतं.

आता कोटाचं. ड्रायव्हरने पाकीट दिलं तेव्हा कोट त्याच्या अंगात नव्हता, हातावर घडी करून आणला होता. तुम्ही सांगितलं नव्हतं, हे त्याने शपथेवर सांगितलं. काकांकडून त्याला कळलं. पातळ सदऱ्यात उभा होता, आणि खाली बघून म्हणाला, "मला माहीत असतं तर घातला नसता, वहिनी."

मला वहिनी म्हणाला. यांचे सगळे मित्र म्हणायचे.

मी त्याला म्हणणार होते, राहू दे तुझ्याकडे. शब्द ओठांवर होते, आणि पुस्तकांत माणसं असंच म्हणतात. पण तो कोट हातात आला आणि मला तो हवा होता, ताई. चक्क हवा होता. मी घेतला. मग त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि निळा, जाड, आतून अस्तर असलेला कोट घेतला. त्याने तीनदा नको म्हटलं, चौथ्यांदा हात घालून पाहिला. पाकिटातले पैसे बरेच गेले. बिल सोबत जोडलं आहे. निम्मं तुमच्याकडे लागू. दिलात तुम्ही, घेतला मी, तेव्हा भरपाई दोघींची.

कोटाला आता पेट्रोलचा वास आहे आणि उजव्या बाहीवर वंगणाचा डाग. यांचा वास नाही. सहा वर्षांपूर्वीच धुतला गेला होता, तो कुठून राहणार. मी उगाच हुंगत बसले.

कपाटात ठेवायचा म्हणून उघडलं आणि परत मिटलं.

म्हणून ड्रायव्हरबरोबर तो तुमच्याकडे पाठवते आहे, धुवायला. डाग आधी घासू नका. खडूची पूड पसरून तासभर ठेवा, मग झटका, मग औषध कापसाने बाहेरून आत. हे असंच करायचे, तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिलं. कसरीची भोकं मी रफू करीन, माझा हात त्याला बरा. खिशाची शिवण शिवू नका. ती तशीच राहू द्या.

पावती नवी फाडा. ४४१७ संपली असं समजा, पण जुनी अर्धी मी देणार नाही, माझं पुस्तक निम्म्यावर आलं आहे. नावाच्या जागी या वेळी माझं नाव घाला, पत्ता घाला. कपडा कधी मिळेल त्या रकान्यात मंगळवार लिहा. दवाखान्यात मला एक ते दोन सुट्टी आहे. त्या वेळी मी घ्यायला येईन. काउंटरवर तुम्ही असा, काकांना बसवू नका.

नव्या पावतीची माझी अर्धी ड्रायव्हरबरोबर पाठवा. विसरले तर कोट देऊ नका. पाटी माझ्याच अक्षरातली आहे.

तुमची,
भावजय